चंपीची वेणीफणी

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरी दरवर्षी एक वाद निघतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे कुणाच्या अंगाला कुणी तेल लावायचे, हा तो वाद नव्हे. तो प्रश्न आईने कधीच निकालात काढला आहे. वाद असतो तो चंपीचा. माझी धाकटी कन्या तेलाची वाटी घेऊन उभी राहते आणि म्हणते, "सगळ्यांना अभ्यंगस्नान, मग चंपीनंच काय पाप केलंय?"

चंपी म्हणजे आमची कुत्री. पांढरीशुभ्र, झुबकेदार शेपटीची आणि स्वतःच्या रूपाची पुरेपूर जाणीव असलेली.

कन्येचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. वसुबारसेला आपण गाईला ओवाळतो. आमच्या सातारा भागात बेंदराला बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झुली घालून मिरवतात. कुत्र्याच्या वाट्याला मात्र असा दिवस नाही. शेजारच्या नेपाळात तो आहे. तिथे दिवाळीला तिहार म्हणतात आणि त्यातला एक दिवस खास कुत्र्यांचा, कुकुर तिहार. आपण नरकचतुर्दशीला उटणे लावून घेत असतो त्याच सुमारास तिथली कुत्री कपाळाला टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ घालून गोडधोड खात असतात.

तेव्हा कुत्र्याचा मान राखावा, याबद्दल आमच्या घरी दुमत नाही. प्रश्न इतकाच, की तो कसा राखावा? याचे उत्तर आम्हांला फार महागात पडून मिळाले. ज्यांच्या घरी कुत्रे आहे, किंवा मुलांच्या हट्टापायी लवकरच येणार आहे, त्यांना ते स्वस्तात मिळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नावातच सूचना होती

चंपी आमच्याकडे आली मे 2022 मध्ये. माझ्या धाकट्या भावाची पुण्याहून परराज्यात बदली झाली, नव्या जागेत कुत्रे चालणार नव्हते, आणि 'दादाकडे काय, खेड्यात भरपूर जागा आहे' असे ठरवून त्याने तिला मेढ्याला आणून सोडले. तिचा जन्म चंपाषष्ठीच्या सुमाराचा, म्हणून भावजयीने तिचे नाव चंपी ठेवलेले. खंडोबाच्या दारी कुत्र्याला मान आहे. दत्ताच्या पायाशी तर चार कुत्री असतात आणि ते चार वेद असे सांगतात. तेव्हा नावाला आईचीही हरकत नव्हती. पण चंपी म्हणजे डोके चोळणे, असाही एक अर्थ लोकांच्या तोंडी आहे. म्हणजे नावातच सूचना होती. वीस वर्षे मराठी शिकवून ती मला उमगली नाही!

आपल्याकडे अशा पांढऱ्या केसाळ कुत्र्याला सरसकट 'पॉमेरिअन' म्हणतात. खरे म्हणजे मध्यमवर्गीय घरांतून दिसणारी ही पुष्कळशी कुत्री 'इंडियन स्पिट्झ' असतात. इंग्रजी अमदानीत आलेल्या युरोपी स्पिट्झ कुत्र्यांची ही इथे रुळलेली जात. हवामान भारतीय झाले, पण अंगावरचा कोट थंड मुलखातलाच राहिला. तो दुपदरी असतो. वरचा पदर लांब आणि जरा राठ, पाऊसपाणी अडवणारा; आतला पदर लोकरीसारखा दाट, ऊब धरणारा. हा आतला केस गळत असतो. पण गळला म्हणजे बाहेर पडलाच, असे नाही. तो वरच्या पदरात अडकतो, अंगाची घासाघीस होते, आणि लोकर दाबून बुरणूस करतात तसा त्याचा थर बसतो.

आता या कोटाची गाठ मेढ्याच्या पावसाशी घालून पाहा. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली वेण्णा आमच्या गावाजवळून वाहते. केळघरच्या घाटाकडून ढग उतरू लागले, की आमच्याकडे आठ-आठ दिवस टॉवेल वाळत नाही. जिथे टॉवेल वाळत नाही, तिथे चंपी कशी वाळणार?

आम्ही मात्र मोठ्या प्रेमाने दर रविवारी तिला न्हाऊ घालत होतो. तेही कन्येच्या सुवासिक शाम्पूने. न्हाऊन आली की ती कापसाच्या ढिगासारखी दिसे. येणारे-जाणारे कौतुक करीत. वरून हात फिरवला तर मखमल. त्या मखमलीखाली काय चालले आहे, ते पाहायचे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही.

"डोक्यावरून नको, अंगातून"

जुलै सरता सरता चंपी मंदावली. जेवण अर्ध्यावर टाकू लागली. 'पावसाळी हवा, दुसरे काय?' असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. ऑगस्टमधल्या एका सकाळी सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, इकडे या लवकर!" चंपीच्या नाकातून रक्त येत होते. पांढऱ्या छातीवर त्याचे थेंब इतके लाल दिसत होते, की कन्येने हुंदका दिला आणि मला काय करावे ते सुचेना.

तसेच पावसातून साताऱ्याला गेलो. डॉक्टरांनी आधी हिरड्या पाहिल्या. त्या पांढुरक्या पडल्या होत्या. मग त्यांनी तिच्या कानामागचे केस दोन्ही हातांनी दुभागून धरले आणि काही न बोलता मला जवळ बोलावले. केसांचा तिथे घट्ट लगदा झाला होता. त्याखालची कातडी ओलसर, लालभडक. आणि कडेने एरंडाच्या बिया पेरून ठेवाव्यात तशी गोचिडींची रांग. एरंडाचे शास्त्रीय नाव 'रिसिनस'. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच गोचीड. एरंडी आणि रक्त पिऊन फुगलेली गोचीड यांच्यात जुन्या लोकांना इतके साम्य दिसले होते! हे मी कुठेतरी वाचले होते. ते असे पाहायला मिळेल अशी कल्पना नव्हती.

"रोज हात फिरवता का हिच्यावरून?" डॉक्टरांनी विचारले.

"म्हणजे काय! येता-जाता डोक्यावरून फिरवतोच की."

"डोक्यावरून नको, सर. अंगातून फिरवायला हवा."

रक्ताच्या तपासणीत गोचीडताप निघाला. कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते, ती चावताना एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात सोडते. त्याने ताप येतो, भूक जाते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटत जातात. म्हणून नाकातून रक्त. वेळेवर कळले तर औषधाने हा रोग आटोक्यात येतो. उशीर झाला तर जनावर हाती लागत नाही. आम्ही दोन्हींच्या सीमेवर पोहोचलो होतो. डॉक्टरांनी चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. पहिले पाच दिवस कन्या शाळेतून आली की दप्तरही न टाकता आधी चंपीच्या पोटावर हात ठेवून श्वास चालू आहे ना, ते पाही. माझ्याशी ती त्या पाच दिवसांत फारसे बोलली नाही. बोलण्यासारखे काही मी शिल्लक ठेवलेही नव्हते.

सुभेदारांचा खरारा, आईची फणी

सहाव्या दिवशी चंपीने पेजेची वाटी चाटून पुसून ठेवली, आणि त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतले सुभेदार चौकशीला आले. त्यांची सारी नोकरी लष्कराच्या पशुवैद्यकीय दलात गेलेली. या दलाचे केंद्र मेरठला आहे आणि लष्करी कुत्र्यांचे शिक्षण तिथेच होते. त्यांनी चंपीला एकदा नीट पाहिले आणि मला विचारले, "सर, खरारा कधी करता?"

मी म्हटले, "खरारा घोड्याला करतात ना?"

"खरारा जनावराला करतात," सुभेदार म्हणाले. "आमच्याकडे ज्याचा कुत्रा त्यानंच रोज करायचा. कुत्रा सुंदर दिसावा म्हणून नाही. खरारा म्हणजे तपासणी. काटा कुठे रुतला, कुठे सूज आली, कुठे हात लावला की कुत्रा अंग चोरतो, ते खराऱ्यात कळतं. ज्या दिवशी खरारा चुकला, त्या दिवशी जखम लपली म्हणून समजा."

पण खरारा करायचा, तर अंगभर गुंते! मी कात्री घेतली. सुभेदारांनी ती हातातून काढून घेतली. कुत्र्याची कातडी आपल्याहून पातळ असते. गुंता ओढला, की ती तंबूसारखी वर उचलली जाते आणि केसांबरोबर सहज कापली जाते. मग म्हटले, सगळेच केस उतरवून टाकू. उन्हाळ्यात तेवढाच गारवा. त्यालाही ते नाही म्हणाले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते गार होते मुख्यतः धापा टाकून. त्याच्या कोटाने उन्हापासून बचावच होतो. शिवाय दुपदरी कोट मुळापासून भादरला, तर तो पुन्हा सारखा येईलच असे नाही. जखमेवर औषध लावण्यासाठी डॉक्टरांनी कानामागचे तेवढे केस काढले होते. ते त्यांचे काम, आपले नव्हे.

हे सारे संभाषण आई माजघराच्या उंबऱ्यातून ऐकत होती. आईचे वय पंच्याहत्तर. चंपीने उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा कायदा. आणि 'कुत्र्याची कसली वेणीफणी!' हे तिचे मत. पण समोर मी गुंता वरून खाली ओढतो आहे आणि चंपी कळवळते आहे, हे काही तिला पाहवेना.

"अरे, असा ओढतात का गुंता? सरक बाजूला." ती खाली बसली. "गुंत्याच्या मुळाशी केस चिमटीत धरायचे. मग ओढ कातडीला लागत नाही. आणि सुरुवात टोकापासून. टोक सुटलं की जरा वर. मग आणखी जरा वर. चार मुलींच्या वेण्या घातल्यात मी, एकदा तरी कुणी रडली का विचार!"

तासाभरात काखेतला एक गुंता सुटला. बाकीचे सुटायला आठवडा लागला. पुढे ग्रूमिंगवरची पुस्तके वाचली, चित्रफिती पाहिल्या. सगळीकडे हीच रीत सांगितलेली आहे. चारचौघींच्या घरात जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती शिकायला मला इतके लांब जावे लागले!

रोजची दहा मिनिटे

आता आमचा जो पाठ बसला आहे, तो असा.

साधने तीन. पहिला, बारीक वाकड्या तारांचा ब्रश. दुकानात त्याला 'स्लिकर' म्हणतात. दुसरी, स्टीलची फणी, एका बाजूने विरळ आणि दुसऱ्या बाजूने दाट दातांची. तिसरी, उवांसाठी घरोघरी असते तसल्या अगदी बारीक दातांची फणी, पिसवांसाठी; ती अर्थात चंपीची वेगळी. आखूड केसांच्या कुत्र्याला एवढे लागत नाही. आपल्या गावठी कुत्र्याला रबरी दात असलेला हातमोजा आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतो. मात्र गोचिडी पाहायला रोजच हव्यात.

ब्रश वरवर फिरवू नये. आमची सारी चूक तीच होती. एका हाताने केस उलटे धरून भांग पाडावा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिथून बाहेरच्या बाजूला ब्रश न्यावा. मग बोटभर वर दुसरा भांग. तारा कातडीवर दाबू नयेत, नाहीतर ओरखडे उठतात. शेवटी फणी घालून पाहावी. ती मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेली, तर काम झाले.

गुंते व्हायच्या जागा ठरलेल्या असतात. कानामागे, पुढच्या पायांच्या काखेत, मांड्यांच्या मागे, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी. गोचिडींना याच जागा प्रिय, शिवाय कानाच्या आत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यात. गोचीड दिसली, की चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. पिळू नये, बोटांनी चिरडू नये, रॉकेल ओतू नये, उदबत्तीचा चटका देऊ नये. ती स्पिरिटात टाकावी. एक मादी हजारो अंडी घालते, आणि ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांतून आणि फरशीच्या सांध्यांतून. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची बसायची जागाही झाडून-पुसून स्वच्छ हवी. गोचिडींवरचे औषध डॉक्टर कुत्र्याच्या वजनाप्रमाणे देतात. गोठ्यातले गुरांचे औषध अंदाजाने पाणी घालून कुत्र्याला कधीही लावू नये. घरात मांजर असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. कुत्र्याला चालणारी काही औषधे मांजराला विषासारखी असतात.

आधी वेणीफणी, मग न्हाणे. गुंता भिजला की आणखी आवळतो. न्हाणे दर रविवारी नको. महिन्या-दीड महिन्याने पुरते. पाणी कोमट. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच, कारण आपली कातडी आम्लधर्मी, तर त्यांची बरीचशी उदासीन. आपल्याला मानवणारा साबण त्यांची कातडी कोरडी करतो. फेस पूर्ण धुऊन काढावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, मुळापर्यंत वाळवावे. कोट वरून कोरडा आणि आतून ओला राहिला, तर न्हाऊ घातल्याचे पुण्य न लागता उलटे पापच पदरी पडते.

कुत्रे कंटाळायच्या आधी थांबावे आणि हातावर काहीतरी खाऊ ठेवावा. पहिले आठ दिवस चंपी ब्रश पाहिला की पळे. आता संध्याकाळी सहाला ती स्वतःच ओसरीवर येऊन आडवी होते.

आणि ती तेलाची वाटी? खोबरेल लावले, की केसांना धूळ चिकटते आणि कुत्रे ते चाटत बसते. तेव्हा कुत्र्याला अभ्यंग नको. वाद तिथेच मिटायला हवा होता. पण मुलींचे वाद असे पुराव्याने मिटत नाहीत.

माहुलीचा खंड्या

औषधाचे चार आठवडे संपल्यावर पुन्हा रक्त तपासायला साताऱ्याला गेलो. अहवाल चांगला आला. हाती वेळ होता, म्हणून चंपीला घेऊन सगळेच संगम माहुलीला गेलो. आमच्या मेढ्याची वेण्णा तिथे कृष्णेला मिळते. छत्रपती शाहू महाराजांची समाधी तिथे आहे आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचेही दगडी स्मारक आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा आहे. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवले आहे, की एकदा त्यांनी त्याला जरीवस्त्रे आणि जडजवाहीर घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली होती. डफसाहेबाने हे वेडेपणाचे लक्षण म्हणून नोंदवले. माहुलीच्या त्या दगडी कुत्र्यासमोर उभे राहून माझ्या मनात आले, वेडेपणा असेल नसेल; जीव वाचवणाऱ्याचे ऋण मानणारा राजा होता. आम्ही मात्र चंपीला सुवासिक शाम्पूची पगडी घातली होती आणि कानामागे पाहिले नव्हते.

कन्येने खंड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, याला गुंते होत नाहीत." पाच दिवसांचा अबोला संपून बरेच दिवस झाले होते, पण माझ्या दृष्टीने तो त्या क्षणी संपला.

वाटाण्याएवढी गाठ

इथे गोष्ट संपती, तर हा लेख मी लिहिला नसता.

जानेवारी 2024 मधली संध्याकाळ. तोवर वेणीफणीचे काम आईने पूर्णपणे आपल्याकडे घेतले होते. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दिसते बेताचेच. पोटाकडचे केस विंचरता विंचरता तिचा हात थांबला. "अरे, इथं काहीतरी आहे बघ. काल नव्हतं." मी चाचपले, मला काही लागेना. तिने माझे बोट धरून नेमक्या जागी ठेवले. स्तनाग्राजवळ, कातडीखाली, वाटाण्याएवढी टणक गाठ.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलो. ज्या कुत्र्यांची पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया लहानपणी झालेली नसते, त्यांच्यात अशा गाठी पुष्कळ आढळतात. त्यांतल्या बऱ्याच कर्करोगाच्या निघतात. चंपीची ती शस्त्रक्रिया झालेली नव्हती. ते कुणी मनावरच घेतले नव्हते. डॉक्टरांनी गाठ काढून तपासणीला पाठवली. उत्तर आले : कर्करोगच, पण अगदी सुरुवातीचा, आणि कडा स्वच्छ. पूर्ण निघाला होता.

"एवढी लहान गाठ घेऊन लोक सहसा येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "लिंबाएवढी झाली की येतात. कुणाला सापडली?"

मी आईचे नाव सांगितले. तिचे वय आणि मोतीबिंदू सांगितल्यावर ते क्षणभर काही बोलले नाहीत.

मुके जनावर सांगत नाही. दुखले तरी ते शेपूट हलवते, ताटलीपाशी येऊन उभे राहते, आपण घरी आलो की धावत येते. त्याचे सांगणे केसांच्या आत, बोटाच्या टोकाला लागेल इतक्याच आवाजात असते. दहा मिनिटांची वेणीफणी म्हणजे ते ऐकण्याची रोजची वेळ. कोट चकाकतो तो वरचा नफा.

आईचे सोवळे मात्र कायम आहे. तिचा हिशेब सरळ आहे : आधी चंपी, मग आंघोळ, मग देव. कुत्र्याला शिवून देवघरात जाता येत नाही, म्हणून चंपीची एक फेरी ती पहाटेच उरकून घेते. नरकचतुर्दशीलाही हा क्रम चुकत नाही. पहिला फटाका वाजतो, चंपी खाटेखाली दडते, आणि आई फणी घेऊन खाली जमिनीवर बसते. आम्ही सगळे पाटावर तेलासाठी ताटकळत असतो. गेल्या वर्षी कन्येने तक्रार केली, "आजी, आम्हाला कधी लावणार तेल?"

आई आतून म्हणाली, "थांबा जरा. हिचं होऊ दे."